अंगठ्याविना

मुलगा धडगावकडचा, माझ्या जुन्या मित्राचा. इंजिनिअरिंगला पुण्यात आला तेव्हा पहिले काही महिने आमच्याकडेच राहिला. मला काका म्हणतो. वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला सात-आठ पोरं एका मॉलमधल्या बोलिंग लेनवर जमली होती आणि मलाही त्यांनी ओढून नेलं होतं. बाकीच्यांनी चेंडू उचलला तो सगळे उचलतात तसाच: मधलं बोट आणि अनामिका दोन भोकांत, अंगठा तिसऱ्यात. यानं अंगठा घातलाच नाही. दोन बोटं आत सरकवली, चेंडू मनगटाच्या कवेत घेतला, डाव्या हाताचा तळवा पुढून टेकवला आणि पाच पावलं जवळजवळ पळत जाऊन दोन्ही हातांनी तो सोडला. चेंडू उजव्या कडेनं निघाला. आता गटारात जाणार असं वाटत असतानाच शेवटच्या पंधरा-वीस फुटांत तो डावीकडे असा काही वळला की शेजारच्या लेनवरची माणसंसुद्धा बघत राहिली.

तिथला कर्मचारी लगबगीनं आला. "भाऊ, अंगठा आत घाला, बोट दुखावेल." मुलानं मान डोलावली, एकदा तसं टाकून पाहिलं, चेंडू सरळ जाऊन दोन पिना पाडून आला, आणि पुढच्या वेळी अंगठा पुन्हा बाहेर. घरी येताना रिक्षात मी त्याला कारण विचारलं.

"अंगठा घातला की मनगट अडकतं, काका. आणि आमच्याकडे बाण ओढतानाही अंगठा लावत नाहीत."

धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचं मुख्य गाव. वर तोरणमाळ, पूर्वेला बडवानी, पलीकडे नर्मदा, आणि नर्मदा ओलांडली की अलीराजपूर, पुढे झाबुआ. या सगळ्या सातपुडा-नर्मदा पट्ट्यातल्या भिल्लांबद्दल एक गोष्ट अनेकांनी नोंदवली आहे. तीरकमठ्याची दोरी ओढताना बाण तर्जनी आणि मधल्या बोटात धरायचा, अंगठा बाजूला ठेवायचा. कारण विचारलं तर एकलव्याचं नाव घेतात. आदिपर्वातल्या त्या निषादपुत्रानं गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा कापून दिला, म्हणून आम्ही तो लावत नाही. या कथेकडे इतिहास म्हणून बघावं की आठवण जपण्याची रीत म्हणून, हा वेगळा विषय. हाताच्या दृष्टीनं पाहिलं तर मात्र त्या पकडीत वावगं काहीच नाही. आज ऑलिम्पिकमधले धनुर्धारीही दोरी तीन बोटांनीच ओढतात, एक बाणाच्या वर आणि दोन खाली, अंगठा मोकळा. अंगठ्यानं दोरी ओढण्याची पद्धत मंगोल आणि तुर्क घोडेस्वारांची. ते त्यासाठी अंगठ्यात हाडाचं किंवा दगडाचं कडं घालत.

या मुलाला स्वतःचा पहिला चेंडू घ्यायचा होता. तो कसा निवडला, कुठे चुकलो आणि का, त्याची ही हकिगत. अंगठ्याविना, दोन हातांनी, उलट्या वळणानं किंवा आणखी कुठल्या वेगळ्या ढबीनं चेंडू टाकणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडावी.

आधी या ढबीचं कूळ पाहू. दोन हातांनी चेंडू टाकणाऱ्यांत जगात सगळ्यांत मोठं नाव ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमॉन्टेचं. न्यू साउथ वेल्समधल्या ऑरेंज या गावचा हा खेळाडू १९८३ मध्ये जन्मला. आईवडिलांचं बोलिंग सेंटर होतं, त्यामुळे नीट चालायला लागला तेव्हापासूनच तो लेनवर होता. त्या वयाच्या पोराला दहा पौंडांचा चेंडू एका हातानं कसा उचलणार? त्यानं दोन्ही हातांनी ढकलला. वाढत गेला, हातात ताकद आली, लोक सांगत राहिले की आता नीट टाक, आणि तो दोन हातांनीच टाकत राहिला. पुढे अमेरिकेतल्या व्यावसायिक दौऱ्यावर त्यानं पंधरा मेजर विजेतेपदं मिळवली. तेवढी आजवर दुसऱ्या कुणाकडे नाहीत. फिनलंडचा ओस्कू पालेर्मा त्याच्या थोडा आधी याच ढबीनं त्या दौऱ्यावर गाजला होता.

ही कहाणी ऐकली की मला सचिन तेंडुलकरची पकड आठवते. सचिन बॅटचा दांडा बराच खाली धरायचा. लहानपणी थोरला भाऊ अजित याची मोठी बॅट घेऊन खेळायचा, ती पेलण्यासाठी हात आपसूक खाली सरकले. आचरेकर सरांनी पकड बदलून पाहायला सांगितली, त्यानं पाहिली, जमेना, आणि मूळची पकड कायम राहिली. पुढे ऐन भरात तो तीन पौंडांच्या आसपासची जड बॅट वापरायचा. त्या पकडीला आणि त्या मनगटांना ती मानवत होती. दुसऱ्या कुणी ती बॅट हौसेनं घेतली असती तर पहिल्या तासातच त्याचे हात भरून आले असते.

आता अंगठा नेमकं करतो काय, ते बघू. तीन भोकांच्या चेंडूत अंगठा म्हणजे टांगायची खुंटी. हात खाली लोंबतो, चेंडू खुंटीला लटकल्यासारखा मागे-पुढे झुलतो. सोडताना अंगठा आधी बाहेर येतो आणि त्यानंतरच्या एका क्षणात उरलेली दोन बोटं चेंडूला कडेनं उचलून फिरकी देतात. अंगठा नसला तर चेंडू मनगटाच्या वाटीत बसतो, डावा हात त्याला पडू देत नाही, आणि बोटं चेंडूच्या खाली जास्त वेळ राहतात. जास्त वेळ म्हणजे जास्त फिरकी. डावा हात अगदी शेवटी सुटतो. प्रत्यक्षात चेंडू उजव्याच हातातून निघतो.

आकड्यांत सांगतो, कारण पुढचा सगळा हिशोब यावर आहे. चेंडूचा घेर सुमारे ६८.५ सेंटिमीटर, आणि फाउलच्या रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंत लेन ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. चेंडू अजिबात न घसरता गाडीच्या चाकासारखा लोळत गेला तर वाटेत जवळपास सत्तावीस फेऱ्या होतील. ताशी २८ किलोमीटर वेगानं हे अंतर अडीच सेकंदांच्या आत संपतं, तेव्हा सत्तावीस फेऱ्यांसाठी फिरकी मिनिटाला ६८० च्या आसपास हवी. अंगठा घालून टाकणाऱ्या चांगल्या खेळाडूची फिरकी मिनिटाला ३०० च्या आगेमागे असते. म्हणजे त्याचा चेंडू बराच काळ नुसता घसरत जातो. बेलमॉन्टेची फिरकी ६०० च्या घरात जाते. म्हणून दोन हातवाल्याचा चेंडू लेनला लवकर पकडतो, जोरात वळतो, आणि चुकीचा चेंडू हातात असला तर पिनांपर्यंत पोचण्याआधीच त्याचा दम संपतो.

नवखा माणूस चुकतो तो इथेच. लांबलचक वळणारा चेंडू पाहून त्याला वाटतं, आपल्याला असा चेंडू हवा जो खूप वळतो. पण ज्याच्या हातातच भरपूर वळण आहे त्याला चेंडू थोडा शांत हवा. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोडे पाहायला गेलेल्यांना हे समजेल. तापीकाठी ओळीनं उभे असलेले घोडे पाहताना जाणता माणूस आधी विचारतो की बसणार कोण. ज्याचा हात लगामावर कडक, त्याला शांत, पायानं धिमं जनावर देतात.

वजनाचं मात्र आमच्याकडे दोन दिवस चाललं. चेंडू सहा पौंडांपासून सोळा पौंडांपर्यंत मिळतो. सोळा पौंड, म्हणजे ७.२६ किलो, ही कमाल मर्यादा. शरीराच्या वजनाच्या दहा टक्के, असा एक ठोकताळा सगळीकडे सांगतात. मुलाचं वजन ६२ किलो, म्हणजे चेंडू ६.२ किलोचा, चौदा पौंडांच्या किंचित खाली. त्याला पंधराचा हवा होता, कारण व्हिडिओतले सगळे पंधराचा वापरतात. मी त्याला एवढंच म्हटलं की तू गोफण फिरवलेली आहेस, तूच सांग. ज्वारी निसवली की माळ्यावर बसून पाखरं हाकणं हे त्याचं लहानपणचं काम. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, गोफणगुंडा मोठा घेतला तर गोफण खांद्याला ओढते आणि दगड जवळच पडतो, फार हलका घेतला तर नेम भरकटतो. नदीतून गुंडे वेचताना आजोबा प्रत्येक दगड हातात दोनदा उडवून बघायचे.

तेच आम्ही केलं. लेनवरच्या पडद्यावर प्रत्येक चेंडूचा वेग दिसतो. पंधरा पौंडांच्या चेंडूनं त्यानं लागोपाठ तीन डाव खेळले, मी वेग वहीत टिपत गेलो. पहिल्या डावात ताशी सत्तावीस किलोमीटर, तिसऱ्यात तेवीस. दुसऱ्या दिवशी चौदाचा घेतला: सत्तावीस, आणि शेवटी सव्वीस. दोन हातवाल्याला वेग टिकवावाच लागतो, कारण फिरकी भरपूर आणि वेग कमी झाला की चेंडू अर्ध्या वाटेतच वळून पलीकडच्या बाजूला जातो. शिवाय या ढबीत कंबर वाकते, पाठ पिळवटते, आणि थकवा आधी तिथे येतो. चौदा पक्का झाला. एक धोका सांगून ठेवतो: लेनवरच्या सार्वजनिक चेंडूवरून वजनाचा अंदाज करताना एक पौंड इकडे-तिकडे होतो. त्या चेंडूची भोकं सैल असतात, सैल पकडीला तोच चेंडू जड लागतो.

लेन दिसायला कोरडी दिसते, पण तिच्यावर तेल असतं. पहिल्या साधारण चाळीस फुटांपर्यंत तेलाचा पातळ थर पसरलेला असतो, संपूर्ण लेनवर मिळून जेमतेम वीस-तीस मिलिलिटर. नेहमीच्या लेनवर तो मध्ये जाड आणि कडेला विरळ असतो. शेवटचे वीस फूट कोरडे. तेलात चेंडू घसरतो, कोरड्यात पकडतो, वळतो आणि मग लोळू लागतो. लेनच्या ३९ पट्ट्या असतात. उजव्या हातवाल्यानं पहिल्या आणि तिसऱ्या पिनेमधल्या फटीत तिरपं घुसायचं असतं. तिरपेपणा साधारण सहा अंशांचा असेल तर उत्तम. नीट घुसलेला चेंडू स्वतः फक्त चार पिनांना लागतो, पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. प्रत्येक पीन दीड किलोच्या थोडी वर असते. हलका आणि दम संपलेला चेंडू तिला आपटून बाजूला फेकला जातो आणि पाचवी पीन उभीच राहते.

हे सगळं चेंडूच्या वरच्या कवचावर अवलंबून असतं, आत काय भरलंय त्याहून कितीतरी जास्त. शंभरेक वर्षांपूर्वी चेंडू लाकडाचे आणि मग कडक रबराचे होते. पुढे पॉलिएस्टर, म्हणजे आपल्या भाषेत प्लास्टिकचा चेंडू आला. तो गुळगुळीत, तेलात आणि कोरड्यातही सरळ जाणारा. १९७३ मध्ये डॉन मॅक्यून नावाच्या अमेरिकी खेळाडूला शोध लागला की मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकाच्या बादलीत चेंडू बुडवून ठेवला तर कवच मऊ पडतं आणि लेनला चिकटून वळतं. त्या वर्षी त्यानं सहा स्पर्धा जिंकल्या आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग नियम आला की कवचाचा कठीणपणा अमुक मर्यादेखाली जाता कामा नये, आणि तो मोजायचं यंत्रही स्पर्धांत आलं. त्या बादलीचा इतिहास मला मोलाचा वाटतो. मॅक्यूनचा हात तोच राहिला होता, बदललं होतं ते फक्त चेंडूचं कवच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन आलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन. रिअ‍ॅक्टिव्हच्या कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात, ते तेल शोषतं, आणि कोरड्या भागात आल्यावर एकदम मुरडतं.

अंगठ्याविना टाकणाऱ्याच्या पहिल्या चेंडूसाठी माझं मत असं. दुकानदार जो सगळ्यांत वर ठेवतो, खरबरीत कवचाचा, आत वाकडातिकडा गाभा असलेला, "तेलातसुद्धा वळतो" म्हणून विकला जाणारा, तो घेऊ नका. मध्यम ताकदीचं रिअ‍ॅक्टिव्ह कवच, आत दोन्ही बाजूंनी सारखा गाभा, आणि पृष्ठभाग गुळगुळीतकडे झुकलेला. पृष्ठभागाचा खरबरीतपणा आकड्यात सांगतात, ५०० म्हणजे खरबरीत, ४००० म्हणजे फार गुळगुळीत. २००० ते ३००० च्या दरम्यान सुरुवात करावी. पॅडनं घासून तो आकडा नंतर खाली आणता येतो, पॉलिशनं वर नेता येतो, त्यामुळे चूक झाली तरी चेंडू वाया जात नाही. युरेथेनही या ढबीला मानवतं. त्याचं वळण हळू आणि आधी सुरू होतं, अंदाज करता येतो. पण लेनवरचं तेल ते पुढे वाहून नेतं आणि सोबतच्या खेळाडूंची लेन बिघडते, म्हणून पहिला चेंडू म्हणून मी ते सुचवत नाही. पैसे उरले तर नंतर एक साधा प्लास्टिकचा घ्यावा. कोपऱ्यात उरलेली एकटी पीन मारायला वळणारा चेंडू कामाचा नाही, आणि दोन हातवाल्याला तर सरळ टाकणं फार कष्टाचं.

आतला गाभा समजायला भोवरा आठवा. एकाच वजनाचे दोन भोवरे घ्या, एकाचं जड लाकूड आरेजवळ, दुसऱ्याचं पोटाच्या कडेला. दोन्ही सारखे फिरत नाहीत. चेंडूचंही तसंच. जड भाग मध्याजवळ असेल तर चेंडू चटकन फिरायला लागतो, कडेला असेल तर फिरकी उशिरा घेतो. जास्त फिरकीच्या हाताला दुसरा प्रकार बरा. एवढं पुरे.

भोकांवर मात्र थांबायला हवं. आमची चूक इथेच झाली. चेंडू बाहेरून मागवला, तो भोकांविनाच येतो, आणि भोकं हाताच्या मापानं पाडून घ्यावी लागतात. ज्याच्याकडे दिला त्याला मुलानं दोनदा सांगितलं होतं की मी अंगठा घालत नाही. चेंडू परत आला तो तीन भोकांचा. सगळ्यांना तीनच लागतात, असं त्याचं म्हणणं. बोटांची भोकंही अंगठा गृहीत धरून तिरकी पाडलेली. मुलानं एक डाव टाकला आणि अनामिकेच्या पेराजवळ कातडी सोलून निघाली. चेंडूचं भोक बुजवता येतं, रेझिन ओतून घट्ट होऊ द्यायचं, घासून पृष्ठभाग सारखा करायचा आणि पुन्हा पाडायचं. आम्ही ते दुसऱ्या माणसाकडून करून घेतलं. यानं आधी चेंडूला हातच लावला नाही. मुलाला तासभर टाकायला लावलं, शेजारी उभं राहून मनगटाचे, सोडण्याचे व्हिडिओ घेतले, मग त्याचा हात उलटासुलटा करून बोटांची लवचीकता पाहिली.

त्यानं ज्या गोष्टी ठरवल्या त्या अशा. बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत जातील, सार्वजनिक चेंडूत जातात तशी दुसऱ्या पेरापर्यंत नाही. त्यामुळे बोटांना उचलायला जागा मिळते. भोकांत मऊ रबरी नळ्या बसवायच्या, बोट फुगलं-आटलं तर त्या बदलता येतात. भोकांचा कल बोटांच्या नैसर्गिक वळणाला धरून, कारण अंगठ्याचा आधार नसल्यानं चेंडूचा सगळा भार त्या दोन पेरांवर येतो. दोन भोकांमधली भिंत पुरेशी जाड हवी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, चेंडू कुठल्या आसाभोवती फिरतो तो बिंदू शोधायचा. कसा शोधतात ते बघण्यासारखं आहे. चेंडूवर पांढऱ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवून टाकतात. टेप डगमगत गेला तर तुकडा सरकवून पुन्हा टाकतात. जिथे तो स्थिर ठिपक्यासारखा दिसतो तो आसाचा बिंदू. तिथून गाभ्याच्या टोकाची खूण किती दूर ठेवायची यावर चेंडू किती वळेल ते ठरतं. सव्वातीन-साडेतीन इंचांवर ठेवली तर चेंडू सगळ्यांत जास्त डोलतो, पावणेसात इंचांवर जवळपास नाहीच. त्या माणसानं मुलासाठी पाच इंच धरले.

स्पर्धेत खेळायचं असेल तर एक नियम लक्षात ठेवावा. अमेरिकेतल्या यूएसबीसी या बोलिंगच्या नियामक संस्थेनं १ ऑगस्ट २०२० पासून तोल साधण्यासाठी पाडलेली जादा भोकं बंद केली. चेंडूवर जेवढी भोकं असतील तेवढ्यांत बोट जायलाच हवं. म्हणजे अंगठा घालत नसाल तर अंगठ्याचं भोकही चालत नाही, आणि तळवा कुठे टेकतो ते दाखवायला चेंडूवर अधिकचं चिन्ह कोरावं लागतं. आमच्या चेंडूला तिसरं भोक तसंच ठेवून चालवून घेऊ, असं मुलगा एकदा म्हणाला होता. ते चाललं नसतं.

दोन हातांच्या ढबीखेरीज आणखीही ढबी आहेत आणि त्यांचा चेंडू निराळा. तैवानमध्ये बरेच खेळाडू चेंडू भोवऱ्यासारखा उभ्या आसावर गरगर फिरवत टाकतात. तो लेनला जवळपास पकडतच नाही. पिनांना लागला की फिरकीनं त्यांना आडवं लोळवतो. त्यांना दहा-अकरा पौंडांचा हलका आणि कडक कवचाचा चेंडू लागतो, रिअ‍ॅक्टिव्हचे पैसे खर्चायचं कारण नाही. काही उजव्या हातवाल्यांचं मनगट उलट वळतं, चेंडू डावीकडून उजवीकडे जातो. त्यांना सुधारण्याच्या मागे लागण्यापेक्षा भोकं पाडणाऱ्याला सांगावं की आसाचा बिंदू विरुद्ध बाजूला आहे, आखणी डाव्या हातवाल्यासारखी कर, आणि नेम पहिल्या-दुसऱ्या पिनेच्या फटीत. ज्यांचं मनगट फिरतच नाही, चेंडू सरळच जातो, त्यांना प्लास्टिकचा चेंडू पुरतो, निदान पहिलं वर्षभर.

दुरुस्त झालेला चेंडू लेनवर पहिल्यांदा टाकला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. चेंडू परत आला की मुलगा तो दिव्याखाली धरायचा. कवचावर तेलाच्या बारीक गोल रेघा उमटलेल्या असतात, चेंडू जिथे जिथे लेनला टेकला त्या. रेघा एकमेकींपासून सुट्या दिसत होत्या, म्हणजे प्रत्येक फेरीत कोरडं कवच लेनला लागत होतं. बोटांच्या भोकांपासून त्या दीड इंच लांब होत्या. भोकांवरून गेल्या असत्या तर टक-टक-टक असा आवाज आला असता. आवाज नव्हता. मायक्रोफायबरच्या फडक्यानं रेघा पुसायच्या आणि पुन्हा टाकायचं. प्रत्येक वेळी पुसलं नाही तर रिअ‍ॅक्टिव्ह कवच तेल पिऊन मठ्ठ होतं.

होळीला तो चेंडू गावी घेऊन गेला. मी त्याला बजावलं होतं की ऊन लागू देऊ नकोस. रेझिनचा चेंडू तापून मग एकदम गार झाला तर तडकतो, आणि आपल्याकडचा उन्हाळा साधा नाही. त्यानं तो गोधडीत गुंडाळून घरात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला. आजोबांनी तिथून तो काढायला लावला. ओसरी शेणानं सारवलेली, गुळगुळीत. म्हाताऱ्यानं चेंडू दोन्ही हातांनी उचलला, नखानं वाजवून पाहिला, मग ओसरीवर ठेवून बोटानं हलकेच ढकलला. चेंडू थोडा लोळला, मागे-पुढे झुलला आणि एका बाजूवर टेकून थांबला. त्यांनी पुन्हा ढकलला. पुन्हा त्याच बाजूवर थांबला.

"याचं जड या अंगाला का?" त्यांनी विचारलं.

मुलानं चेंडू उलटा केला आणि गाभ्याच्या टोकाची ती लाल खूण त्यांना दाखवली.